पेठेचा मान आणि पेठेचा भार

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या निमित्ताने एखाद्या ऐतिहासिक विषयावर बोलावे, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. विषयाची निवड आम्हांवर सोपविली होती; परंतु ती आपणच करून ठेवलेली होती, असे म्हटले तरी चालेल. आपल्या वैश्य समाजात शेटे, शेट्ये, महाजन, पोतदार अशी आडनावे लावणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतील काहींच्या माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या फडताळात मोडी कागदांची गाठोडी अद्याप जपलेली आहेत. जत्रेचा हंगाम जवळ आला की पहिला विडा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, पालखीपुढे कोणी चालावे, यावरून भाऊबंदांचे जुने वाद दरसाल नव्याने उभे राहतात. स्मरणिकेत वतनदार घराण्यांची वेगळी यादी छापावी, अशीही सूचना अधूनमधून होत असते. तेव्हा हे वतन होते तरी काय, बाजारात व जत्रेत जो हक्क घेतला जाई तो कशाबद्दल घेतला जाई, आणि पुढे तो गेला कसा, याचा विचार आज आपणांसमोर मांडावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. मराठेशाहीत गावचा कारभार पाटील व कुलकर्णी पाहात, हे सर्वांस ठाऊक आहे. कसब्याला लागून किंवा स्वतंत्रपणे जी व्यापारी वस्ती बसविली जाई, तिला पेठ म्हणत. गावात पाटलाचे जे स्थान, त्याच्याशी तुलना करता येईल असे स्थान पेठेत शेट्याचे होते. त्याच्या जोडीला महाजन असे. दोन्ही पदे वंशपरंपरेची, म्हणजेच वतनाची होती. वादाचा निवाडा करण्यासाठी मजलस बसे, तेव्हा शेटे-महाजनांस तीत जागा असे. निवाड्याचा महजर लिहून झाला की पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी आणि शेट्याची निशाणी तराजूची असे. पाटलाच्या हाती जमीन, शेट्याच्या हाती माप; जुन्या लोकांनी दोन्ही पदांचा अर्थ त्या दोन चिन्हांतच सांगून ठेवला आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. गोमंतकात देवस्थानांच्या महाजनांची जी परंपरा आहे, ती निराळी. तेथे महाजन म्हणजे देवालयाच्या संस्थापक कुळांतील हक्कदार. त्यांच्यासाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ साली स्वतंत्र नियमावलीही केली होती. आज आम्ही बोलत आहोत ते पेठेच्या महाजनाविषयी. नाव एक असले तरी काम एक नव्हते.

आता हे वतन मिळे कसे, ते पाहू. पेठ आपोआप वसत नसे. ती वसवावी लागे. उजाड माळावर दुकान मांडण्यास कोणी शहाणा माणूस सहसा तयार होत नाही. तेव्हा सरकार एखाद्या पत असलेल्या गृहस्थास कौल देई. त्याने परगावच्या उदम्यांस भेटावे, त्यांची समजूत घालावी, त्यांना जागा आखून द्याव्यात, बाजाराचा वार ठरवावा, आणि मालास व जीवास धोका पोहोचणार नाही अशी हमी द्यावी. नव्याने येणाऱ्या दुकानदारांस काही वर्षे कराची माफी असे. माफीची मुदत संपून पेठ रांगेस लागली, म्हणजे मग सरकारची जकात व मोहतर्फा सुरू होई आणि शेटे-महाजनांचा हक्कही सुरू होई. अर्थात हक्काआधी काही वर्षांची खटपट असे, आणि ती फसली तर हक्कही नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्या. आज ज्यांना आपण रविवार, शनिवार व बुधवार पेठ म्हणतो, त्यांची जुनी नावे मलकापूर, मुर्तजाबाद आणि मोहियाबाद अशी होती. यांतले मोहियाबाद हे नाव औरंगजेबाने आपल्या नातवाच्या स्मरणार्थ १७०३ साली दिले. पुढे पेशव्यांनी १७३२ साली शनिवारवाड्यात वास्तव्य केले आणि शहर वाढू लागले, तेव्हा सदाशिव, नारायण, भवानी, नाना अशा नव्या पेठा बसल्या. राज्ये बदलली, नावे बदलली. परंतु माल आणणाऱ्याला विश्वास वाटला पाहिजे, ही गरज काही बदलली नाही. तो विश्वास निर्माण करणे हे शेट्याचे खरे काम होते.

या कामाचे चार भाग पडत. जागांची वाटणी हा पहिला: धान्याची ओळ कोठे, कापडाची कोठे, भाजीवाल्यांनी कोठे बसावे आणि जत्रेत बाहेरगावच्यांनी पाल कोठे ठोकावेत. मापांची देखरेख हा दुसरा. शेर, पायली, मण, खंडी ही नावे सर्वत्र सारखी असली तरी माप गावोगाव वेगळे असे. म्हणून बाजारचे माप खरे आहे याची ग्वाही कोणी तरी जबाबदार माणसाने देणे अगत्याचे होते. तिसरा भाग तंट्यांचा. देण्याघेण्याचा वाद बाजार उठण्यापूर्वीच मिटला तर परगावचा उदमी पुढच्या बाजारास पुन्हा येई. आणि सरकारी जकातीच्या वसुलीस साहाय्य करणे, पण त्याचबरोबर जकातदाराचा जुलूम होऊ लागल्यास व्यापाऱ्यांच्या वतीने हुजूर तक्रार नेणे, हा चौथा. चारही भागांतील हा चौथा सर्वांत अवघड, कारण त्यात दोन्ही बाजूंचा रोष पदरी येई.

जकात व हक्क यांत घोटाळा होतो, म्हणून तोही भेद सांगतो. जकात ही सरकारची. माल ज्या ठिकाणी भरला जाई तेथे थळभरीत, जेथे विकला जाई तेथे थळमोड, आणि वाटेत घाटाच्या तोंडाशी वा नदीच्या उताराशी नाक्यानाक्यावर आणखी काही. शेट्याचा हक्क याहून वेगळा. तो पुष्कळसा जिनसांत घेतला जाई. धान्याच्या गोणीमागे फसकी, म्हणजे हाताने उचललेली मूठ-ओंजळ, भाजीच्या पाटीतून जुडी, तांबोळ्याकडून पाने, तेल्याकडून घाण्यामागे तेल, विणकराकडून सालिना पासोडी, चांभाराकडून जोडा, दुकानामागे काही पैसा. शिवाय मानाचे हक्क होते: टिळा, विडा, सणासमारंभात अग्रस्थान, क्वचित इनाम जमीन, क्वचित घरपट्टीची माफी. कोणत्या पेठेत काय आणि किती, हे त्या त्या सनदेत व महजरात लिहिलेले असे, आणि त्यावरूनच पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडणे होत.

ही यादी वाचताना आपणांस आपल्या पूर्वजांचे वैभव दिसते. परंतु हाच बाजार पाटी घेऊन बसलेल्या माळणीच्या जागी बसून पाहिला पाहिजे. तिच्या पाटीतून शेट्याने जुडी उचलली. मग महाजनाने. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क बाजारावर असत, कित्येक ठिकाणी देशमुख-देशपांड्यांचेही असत. त्यांचीही माणसे फिरून गेली. प्रत्येकाची मूठ लहान होती, प्रत्येकाजवळ कागद होता, आणि प्रत्येकाचे म्हणणे कायद्याने खरे होते. तरीसुद्धा दुपारपर्यंत पाटीचा जो भाग रिकामा झाला, त्याचे मोल तिच्या पदरी काहीच पडले नाही. शेट्याने तिला जागा दिली होती, तिचे माप राखले होते, तिला कोणी लुबाडल्यास तो उभा राहिला होता, म्हणून त्याची जुडी तिने देणे न्याय्य होते, असे म्हणता येईल. पण वतन वंशपरंपरेचे असल्याने ज्याने पेठ वसविली तो गेला, त्याचा पणतू आला. वतनाच्या वाटण्या झाल्या, निमे वतन विकले गेले, आणि ज्याने त्या बाजारात कधी पाऊलही टाकले नाही अशाचा माणूस जुडी उचलण्यास येऊ लागला. चाकरी आटली, हक्क मात्र राहिला. कोणत्याही वतनाचा ऱ्हास येथूनच सुरू होतो.

हा धोका जुन्या राज्यकर्त्यांच्या ध्यानात आला नव्हता, असे नाही. शिवछत्रपतींचे १६७१ सालचे, कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलेले मिठाच्या जकातीविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातून येणारे स्वस्त मीठ आपल्या मुलखातील मिठाचा व्यापार बुडवील, म्हणून त्यावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. जकात ही केवळ तिजोरी भरण्याची वस्तू नसून मुलखातील उदीम राखण्याचे साधन आहे, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, जे १७१५ च्या सुमाराचे आहे, दोन प्रकरणे आपल्या विषयाच्या दृष्टीने एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. एकात सावकारांना राज्याचे भूषण मानून त्यांना आणून पेठांत वसवावे, त्यांना उपद्रव होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. दुसऱ्यात वतनदारांविषयी सावध केले आहे, कारण आहे त्यावर संतोष न मानता वाढवीत जाण्याकडे त्यांचा कल असतो. व्यापाऱ्याची स्तुती आणि वतनदाराविषयी सावधगिरी, दोन्ही एकाच अनुभवी मुत्सद्द्याच्या लेखणीतून उतरली आहेत. शेटे-महाजन हा एकाच वेळी व्यापाऱ्यांचा पुढारी आणि वतनदारही. त्याने यांपैकी कोणते प्रकरण आपणांस लागू पडू द्यावे, हे त्याच्याच वर्तनावर अवलंबून होते.

आणखी एक गोष्ट आपल्या संमेलनात स्पष्ट सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. शेटे व महाजन ही पदे कोणा एका ज्ञातीची नव्हती. वाणी, लिंगायत, सोनार, ब्राह्मण अशा अनेक समाजांत ही वतने होती आणि म्हणूनच ही आडनावेही आज अनेक समाजांत आढळतात. पद पेठेचे होते. ज्याने पेठ वसविली वा राखली त्याचे होते. आडनावावरून ज्ञातीचा मोठेपणा सिद्ध करू पाहणे हे इतिहासाला धरून नाही.

आता हा हक्क गेला कसा, ते थोडक्यात सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रज सरकारने आरंभी जुनी वहिवाट पुष्कळशी चालू ठेवली, जकातीचे मक्तेही दिले. परंतु नाक्यानाक्यावरच्या वसुलीने व्यापार खुंटतो, हे ध्यानात आल्यावर १८३८ च्या पहिल्या कायद्याने मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकात उठविण्यात आली. त्यानंतर १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने शहरजकात, मोहतर्फा, बलुत्यांवरील कर आणि धंद्यांवरील सर्व प्रकारच्या पट्ट्या रद्द झाल्या. ज्या वसुलीच्या आधाराने बाजारातील हक्क उभे होते, तिचा पायाच असा निघाला. ज्यांच्या हक्काबद्दल सरकारी खजिन्यातून रोख नेमणूक चालू झाली, त्यांच्यासाठी पुढे १८७१ चा पेन्शन कायदा आला. त्या अन्वये अशा नेमणुकीबद्दल कलेक्टरच्या दाखल्यावाचून दिवाणी कोर्टात दाद मागता येईना. पेठेचा पुढारी कचेरीच्या दारातील अर्जदार झाला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली, आणि १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतनेही संपली.

कनिष्ठ वतनांचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. वतन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिरपाव आणि विडा येतो. परंतु याच व्यवस्थेत महार वतनदारास तुटपुंज्या मोबदल्यावर रात्रंदिवस राबावे लागे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या जोखडातून सुटका व्हावी म्हणूनच. एकाच शब्दाने एका घरी मान आणि दुसऱ्या घरी वेठ येत होती. वतनाचा अभिमान सांगताना ही दुसरी बाजू झाकून ठेवणे आपणांस शोभणार नाही.

बरे, हक्क गेले, पण माळणीची पाटी भरलेली राहिली काय? तसेही झाले नाही. १८५० च्या कायद्याने स्थापन झालेल्या नगरपालिकांनी उत्पन्नासाठी पुन्हा जकातच बसविली. ती नगरपरिषदांच्या हद्दीतून १९९९ साली उठली आणि मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत टिकली. धान्य-कापसाच्या बाजारांत तर कागद नसलेले नवे हक्क उत्पन्न झाले. व्यापारी व अडते शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा नावांनी वजावट करीत. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे आणि मालाच्या धन्याला तो कळतही नसे. फसकीचेच हे नवे अवतार होते, फरक एवढाच की शेट्याच्या फसकीमागे निदान एक सनद आणि एक जबाबदारी होती. यावर इलाज म्हणून वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियमित बाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, १९२८ च्या शाही शेतकी आयोगाने या वजावटींवर बोट ठेवले, आणि १९३९ चा मुंबईचा व १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला. म्हणजे शेट्याचे जे मूळ काम, खरे माप, उघड भाव, तत्काळ निवाडा, तेच करण्यासाठी समाजाला नव्याने संस्था उभाराव्या लागल्या. काम कधीच अनावश्यक झाले नव्हते. करणारा तेवढा नाहीसा झाला होता.

आजही आठवड्याच्या बाजारात ग्रामपंचायत कायद्याने बाजार-फी घेते. कित्येक गावी वसुलीचा लिलाव होतो आणि मक्तेदाराची माणसे ओळीने फिरतात. पावती दिली जाते की नाही, ठरल्याहून अधिक घेतले जाते काय, पैशाच्या मोबदल्यात ओटा, पाणी, दिवा, स्वच्छतागृह मिळते काय, हे प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीचेच आहेत. शहरांसाठी २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला असून त्यातील नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले असावेत असे म्हटले आहे. ज्या मजलशीत पूर्वी केवळ हक्कदार बसत, तीत आता पाटी घेऊन बसणारीलाही जागा आहे. ही सुधारणा आम्हांस मोलाची वाटते.

आता मानाच्या प्रश्नाकडे वळतो. पहिल्या विड्यासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, नुसत्या मानासाठी दिवाणी दावा चालत नाही. त्यास पदाचा किंवा मालमत्तेचा आधार असावा लागतो, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी फार पूर्वीपासून धरले आहे. परंतु कायद्याचे राहू द्या. आपल्या पूर्वजांना विडा मिळे तो बाजार उठल्यावर मागे राहून हिशेब पुरा करणाऱ्यास मिळे, दोन भांडणाऱ्यांच्या मध्ये उभा राहणाऱ्यास मिळे. तो विडा म्हणजे पोच होती. ज्या कामाची पोच, ते काम न करता केवळ पोच मागत राहणे हे पूर्वजांचा गौरव करणे नव्हे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. वतनदार घराण्यांची वेगळी यादी मंडळाने छापू नये. त्याऐवजी ज्यांच्या घरी कागद आहेत त्यांची, म्हणजे कागदांची, यादी करावी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून अशी दप्तरे मिळवीत. त्यांनी १९१० साली पुण्यात स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आजही उभे आहे. आपल्या घरचे रुमाल वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढवून जाणत्यांच्या हाती द्यावीत, आणि मंडळाने तरुणांसाठी मोडीचा वर्ग चालवावा. आपल्याच घरचा कागद आपणांस वाचता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते?

दुसरी सूचना अशी की, ज्या गावी आपल्या समाजाची दुकाने आहेत, तेथे बाजाराच्या दिवशी खऱ्या वजनाचा एक काटा सर्वांसाठी मोकळा ठेवावा. मेट्रिक मापे १९५८ पासून आली, वैध मापनाचा कायदा २००९ साली नवा झाला. तरीही शंका आलेल्या गिऱ्हाइकाला आपला माल पुन्हा तोलून पाहण्यास जागा नसते. तराजूची निशाणी करणाऱ्यांच्या वंशजांस हे काम जड जाऊ नये.

तिसरी सूचना जत्रेपुरती आहे. भाऊबंदांनी मानाचा क्रम पाळीपाळीने ठरवून घ्यावा, आणि ज्याची पाळी असेल त्या घराने त्या वर्षी जत्रेतील पाण्याची व पावत्यांच्या देखरेखीची जबाबदारी उचलावी. ज्याला भार नको, त्याने त्या वर्षीचा विडाही घेऊ नये. असे झाले तर वाद किती उरतील, हे आपणच पाहावे.

बंधुभगिनींनो, सनद फाटते, नेमणूक बंद होते, कायदा वतन खालसा करतो. परंतु बाजारात आलेल्या परक्या माणसाला येथे आपण फसविले जाणार नाही असा भरवसा देणे, हे वतन कोणत्याही सरकारने कधी खालसा केलेले नाही. ते चालविण्यास कोणाच्या शिक्क्याचीही गरज नाही. आपण ते चालवावे, एवढीच विनंती.